आठ मजल्यांची उंची : अटलांटाची इक्विटेबल बिल्डिंग

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्याची राजधानी असलेल्या अटलांटा शहरात, एजवूड ॲव्हेन्यू आणि प्रायर स्ट्रीट हे दोन रस्ते जेथे मिळतात त्या कोपऱ्यावर १८९२ साली इक्विटेबल बिल्डिंग नावाची कचेऱ्यांची आठ मजली इमारत बांधून पूर्ण झाली आणि त्या शहराची पहिली गगनचुंबी इमारत म्हणून तिची नोंद झाली. आठ मजल्यांना गगनचुंबी म्हणणे आज अतिशयोक्तीचे वाटेल. परंतु यादवी युद्धात जळून खाक झालेल्या आणि त्यानंतरच्या अवघ्या पाव शतकात विटामातीतून पुन्हा उभ्या राहिलेल्या या शहरात, जेथे बहुतेक दुकाने आणि पेढ्या दोन ते चार मजल्यांत सामावलेल्या होत्या, तेथे या इमारतीने शहराच्या उंचीचे माप बदलून टाकले. उंच इमारत ही जागेच्या टंचाईतून जन्माला येते, असा सर्वसाधारण समज आहे आणि न्यूयॉर्कच्या अरुंद बेटापुरता तो बऱ्याच अंशी खराही आहे. अटलांटाला मात्र तो लागू पडत नाही. १८९० च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या ६५,५३३ होती, चहूबाजूंना मोकळी जमीन पसरलेली होती, आणि शहराची वाढ अडवून धरील असा समुद्र किंवा मोठी नदी शहराच्या मध्यभागाजवळ नव्हती. अशा ठिकाणी आठ मजले चढवण्याचे कारण शोधावे लागते ते जमिनीच्या व्यवहारात, कर्जाच्या बाजारात आणि एका पराभूत प्रदेशाला बाहेरच्या भांडवलदारांपुढे आपली पत सिद्ध करण्याची जी निकड वाटत होती, त्या निकडीत.

अटलांटा हे मुळात रेल्वेचे अपत्य. १८३७ च्या सुमारास ज्या ठिकाणी लोहमार्गाचा शेवट ठरवण्यात आला, त्या ठिकाणाला आधी नुसते ‘टर्मिनस’, मग १८४३ मध्ये ‘मार्थाजव्हिल’ आणि १८४५ मध्ये ‘अटलांटा’ अशी नावे मिळत गेली. सव्हाना किंवा चार्ल्स्टन यांसारख्या दक्षिणेतील जुन्या बंदरांना जे वय, जी घराणी आणि जे वैभव लाभले होते, त्यातले काहीच या गावाकडे नव्हते. होते ते केवळ चार दिशांनी येऊन मिळणारे लोहमार्ग. या लोहमार्गांमुळेच यादवी युद्धात ते दक्षिणेच्या फौजांचे रसद-केंद्र झाले आणि त्यामुळेच उत्तरेच्या सेनापती शर्मनने १८६४ च्या उन्हाळ्यात त्याला वेढा घातला, सप्टेंबरमध्ये ते घेतले आणि नोव्हेंबरमध्ये पुढच्या मोहिमेवर निघताना त्याचा मोठा भाग जाळून टाकला. युद्धानंतर शहर झपाट्याने सावरले. १८८० मध्ये ३७,४०९ असलेली लोकसंख्या दहा वर्षांत पाऊणपटीने वाढली. याच काळात ‘अटलांटा कॉन्स्टिट्यूशन’ या वृत्तपत्राचा संपादक हेन्री ग्रेडी याने १८८६ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कमध्ये उत्तरेच्या व्यापाऱ्यांसमोर भाषण करून ‘नव्या दक्षिणे’ची घोषणा केली. गुलामगिरी आणि कापसाचे मळे यांवर जगणारा जुना प्रदेश संपला असून कारखाने, रेल्वे आणि व्यापार यांवर उभा राहणारा नवा प्रदेश भांडवलाची वाट पाहत आहे, असा त्या घोषणेचा आशय होता. शब्दांनी दिलेल्या या आश्वासनाला डोळ्यांना दिसणारा पुरावा हवा होता, आणि हा पुरावा पुरवण्याचे काम शिकागोच्या धर्तीच्या इमारतीइतके दुसरे काहीच चोख करू शकत नव्हते.

शिकागोची धर्ती म्हणजे काय, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. विटांच्या भिंतींवरच मजल्यांचा सगळा भार टाकणाऱ्या बांधणीला भारवाही भिंतींची बांधणी म्हणतात. तिच्यात इमारत जितकी उंच करावी तितकी तळाची भिंत जाड करावी लागते, त्यामुळे सर्वाधिक भाडे देणारा तळमजलाच भिंतींनी व्यापला जातो आणि खिडक्या लहान राहिल्याने खोल्या अंधाऱ्या होतात. शिकागोतील मोनॅडनॉक या १८९१ च्या सोळा मजली इमारतीत तळाच्या भिंती सुमारे सहा फूट जाड ठेवाव्या लागल्या, आणि त्या पद्धतीची आर्थिक मर्यादा तेथे जवळजवळ गाठली गेली. यावर तोडगा निघाला तो लोखंडी आणि पुढे पोलादी सांगाड्याचा, म्हणजे भार पेलण्याचे काम खांब आणि तुळयांकडे सोपवून भिंतीला केवळ ऊन, वारा, पाऊस अडवणारे आवरण मानण्याचा. विल्यम ल बॅरन जेनी या अभियंता-वास्तुविशारदाने १८८५ मध्ये शिकागोत पूर्ण केलेली दहा मजली होम इन्शुरन्स बिल्डिंग या वाटेवरचा महत्त्वाचा टप्पा मानली जाते. मात्र नुसता सांगाडा पुरेसा नव्हता. उघडे लोखंड आगीत मऊ होऊन वाकते, हे १८७१ च्या शिकागोतील भीषण आगीने दाखवून दिले होते. म्हणून खांब आणि तुळयांना भाजक्या मातीच्या पोकळ ठोकळ्यांचे कवच घालण्याची पद्धत रूढ झाली. दोर तुटला तरी पाळणा जागच्या जागी अडकून राहील अशी एलिशा ओटिसची सुरक्षित लिफ्ट १८५० च्या दशकापासून उपलब्ध होती आणि तिच्यामुळे इमारतींच्या भाड्याचे गणितच उलटले. जिन्याच्या काळात वरचा मजला म्हणजे स्वस्त आणि गैरसोयीचा. लिफ्टच्या काळात तोच मजला रस्त्याच्या धुळीपासून आणि गोंगाटापासून दूर, भरपूर उजेडाचा आणि म्हणून अधिक भाड्याचा ठरला. सांगाडा, अग्निरोधक कवच आणि लिफ्ट या तीन गोष्टी एकत्र आल्या आणि उंच इमारत हा किफायतशीर व्यवसाय झाला.

या तिन्ही गोष्टींचा शिकागोत सर्वाधिक अनुभव ज्या मोजक्या कार्यालयांना होता, त्यांपैकी बर्नहॅम आणि रूट हे एक होते, आणि इक्विटेबल बिल्डिंगचा आराखडा त्याच कार्यालयातून आला. यातील जॉन वेलबॉर्न रूट याचे अटलांटाशी असलेले नाते या इमारतीच्या इतिहासातला सर्वांत हृद्य धागा आहे. त्याचा जन्म १८५० मध्ये जॉर्जियातल्याच लम्पकिन या गावी झाला आणि बालपण अटलांटात गेले. त्याचे वडील व्यापारी होते. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली असता ती चुकवून माल नेणाऱ्या जहाजांच्या व्यवसायात त्यांचा हात होता. १८६४ मध्ये अटलांटा हातचे जाणार हे दिसू लागल्यावर त्यांनी चौदा वर्षांच्या जॉनला अशाच एका जहाजातून इंग्लंडमधील लिव्हरपूलला पाठवून दिले. मराठी वाचकाला या नाकेबंदीची दुसरी बाजू परिचित असते: अमेरिकेचा कापूस लिव्हरपूलला पोचेनासा झाला म्हणूनच १८६१ ते १८६५ या काळात मुंबईच्या कापसाला अभूतपूर्व भाव आला, वऱ्हाड-खानदेशच्या कापूसपट्ट्यापर्यंत त्याची धग पोचली, आणि युद्ध संपताच मुंबईचा शेअर बाजार कोसळला. ज्या बंदरात मुंबईच्या कापसाच्या गाठी उतरत होत्या, त्याच बंदराच्या आसऱ्याला हा जॉर्जियाचा मुलगा जाऊन राहिला होता.

युद्धानंतर मायदेशी परतून रूटने १८६९ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातून स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि १८७१ च्या आगीनंतर, जळालेले शहर पुन्हा बांधण्यासाठी देशभरातून वास्तुविशारद शिकागोला निघाले तेव्हा, तोही तेथे गेला. म्हणजे ज्याचे बालपणीचे शहर जळाले होते त्याने आपली कारकीर्द दुसऱ्या एका जळालेल्या शहरात घडवली. १८७३ मध्ये त्याने डॅनियल बर्नहॅमबरोबर भागीदारी सुरू केली. बर्नहॅम व्यवहार आणि संघटन सांभाळी, तर आराखड्याची बुद्धी बव्हंशी रूटची असे. शिकागोच्या मऊ चिकणमातीत जड इमारती खचत, तेव्हा लोखंडी रूळ एकमेकांवर आडवे-उभे रचून, ते काँक्रीटमध्ये बुजवून भार मोठ्या क्षेत्रावर पसरवणाऱ्या जाळीदार पायाचा वापर मोंटॉक इमारतीत याच कार्यालयाने केला. रूकरी आणि मोनॅडनॉक या इमारतींनी रूटचे नाव वास्तुकलेच्या इतिहासात पक्के केले. अटलांटाची जमीन मात्र निराळी आहे. तेथील लाल मातीखाली कठीण नाईस आणि ग्रॅनाइट वर्गातला खडक असल्याने शिकागोसारखी पायाची चिंता तेथे नव्हती. मोनॅडनॉकच्या भिंतींवर रूटने अलंकरणाला जवळजवळ फाटा दिला होता आणि नुसत्या आकाराच्या वळणातून भव्यता साधली होती. असा निग्रह दाखवणारा वास्तुविशारद त्या काळी विरळाच. १८९१ च्या जानेवारीत, वयाची एकेचाळीस वर्षे पूर्ण होऊन जेमतेम काही दिवस झाले असताना, न्यूमोनियाने त्याचा मृत्यू झाला. आपल्या बालपणीच्या शहरातली पहिली उंच इमारत पूर्ण झालेली त्याला पाहता आली नाही.

इमारत बांधवून घेणारा जोएल हर्ट हाही १८५० मध्येच जन्मलेला, शेजारच्या अलाबामा राज्यातला आणि शिक्षणाने स्थापत्य अभियंता. १८७० च्या दशकात अटलांटात आल्यावर त्याने विमा आणि घरबांधणीसाठीच्या कर्जांच्या व्यवसायात जम बसवला, आणि त्यानंतर शहराच्या पूर्वेला इन्मन पार्क नावाची वसाहत आखली. झाडीतून वळणे घेत जाणारे रस्ते आणि प्रशस्त भूखंड असलेली ही अटलांटातील पहिली नियोजित निवासी वसाहत होय. शहरापासून सुमारे दोन मैलांवर असलेले भूखंड विकत घ्यायला लोक तयार व्हावेत, तर त्यांना रोज कचेरीत ने-आण करण्याची सोय हवी. म्हणून हर्टने शहराच्या मध्यापासून वसाहतीपर्यंत एजवूड ॲव्हेन्यू हा सरळ रस्ता घडवून आणला आणि १८८९ मध्ये त्यावरून अटलांटातील पहिली विजेवर चालणारी ट्राम सुरू केली. फ्रँक स्प्रेगने व्हर्जिनिया राज्यातील रिचमंड येथे मोठ्या प्रमाणावर विजेची ट्राम यशस्वी करून दाखवल्याला तेव्हा जेमतेम एक-दीड वर्ष झाले होते, यावरून हर्टच्या तत्परतेची कल्पना येते.

इक्विटेबल बिल्डिंगचे स्थान या पार्श्वभूमीवर पाहिले म्हणजे तिचा अर्थ उलगडतो. ट्रामच्या एका टोकाला राहण्याची वसाहत होती, तर दुसऱ्या टोकाला, शहराच्या मध्यचौकाजवळ, कामाचे ठिकाण हवे होते. आणि ते जितके मोठे व प्रतिष्ठित, तितके ट्रामला प्रवासी, वसाहतीला गिऱ्हाईक आणि एजवूड ॲव्हेन्यूवरच्या जमिनीला भाव अधिक. जमीन, वाहतूक, कर्ज आणि कचेऱ्या या चारही व्यवसायांची एकच साखळी हर्टने बांधली होती आणि आठ मजली इमारत ही त्या साखळीची सर्वांत ठळक कडी होती. शिकागोच्या नामांकित कार्यालयाला आराखड्याचे काम देण्यातही हाच हिशोब दिसतो. स्थानिक कारागिरांना आठ मजले बांधता आले नसते असे नव्हे. परंतु न्यूयॉर्क आणि बोस्टनच्या कर्जदात्यांना बर्नहॅम आणि रूट हे नाव ठाऊक होते, आणि त्या नावाखाली उभी राहणारी इमारत हीच शहराच्या विश्वासार्हतेची हमी होती. इमारत पूर्ण झाली आणि पुढच्याच वर्षी, १८९३ मध्ये, अमेरिकेत मोठे आर्थिक संकट कोसळले, बँका बुडाल्या, रेल्वे कंपन्या दिवाळखोरीत गेल्या. हा आराखडा दोन वर्षे उशिरा पुढे आला असता तर अटलांटाची पहिली उंच इमारत बहुधा दुसऱ्याच कोणाच्या नावावर लागली असती.

या भरभराटीची किंमत कोणी मोजली, हे सांगितल्याशिवाय तिचा इतिहास पुरा होत नाही. जॉर्जियात १८६८ पासून तुरुंगातील कैदी खासगी उद्योजकांना भाड्याने देण्याची पद्धत सुरू होती. किरकोळ गुन्ह्यांसाठी, कित्येकदा खोट्या आरोपांखाली पकडलेल्या या कैद्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण फार मोठे होते आणि खाणी, वीटभट्ट्या व लोहमार्ग यांवर त्यांना अमानुष परिस्थितीत राबवले जाई. अटलांटाच्या पुनर्बांधणीला विटा पुरवणारी चट्टाहूची ब्रिक कंपनी अशाच मजुरीवर चाले, आणि तिचा प्रमुख जेम्स इंग्लिश हा शहराचा माजी महापौर होता. स्वतः हर्टही कोळसा आणि लोखंडाच्या उद्योगात उतरल्यावर अशा कैद्यांकडून काम करून घेत असे. १९०८ मध्ये जॉर्जियाच्या विधिमंडळाने या पद्धतीची चौकशी केली तेव्हा त्याला साक्षीसाठी उभे राहावे लागले आणि चौकशीत बाहेर आलेल्या फटक्यांच्या व मृत्यूंच्या हकिगतींनंतर त्याच वर्षी ही पद्धत रद्द करण्याचा कायदा झाला. ट्रामचीही कथा याहून वेगळी नाही. ज्या ट्रामने इन्मन पार्क शहराशी जोडले, तिच्यात गोऱ्या आणि काळ्या प्रवाशांनी शक्यतो वेगळे बसावे असा कायदा जॉर्जियाने १८९१ मध्ये, म्हणजे इमारतीचे बांधकाम चालू असतानाच, केला. २२ सप्टेंबर १९०६ च्या रात्री गोऱ्यांच्या जमावाने शहराच्या मध्यभागी कृष्णवर्णीयांवर हल्ले सुरू केले, ट्राम अडवून प्रवाशांना बाहेर ओढले आणि कित्येकांचे प्राण घेतले. हे सारे घडले ते इक्विटेबल बिल्डिंगपासून पायी काही मिनिटांवरच्या रस्त्यांवर. ‘नव्या दक्षिणे’च्या वास्तूंचे वर्णन करणाऱ्या पुस्तकांत या गोष्टी बहुधा वेगळ्या प्रकरणात टाकल्या जातात. तसे करणे योग्य नाही, कारण इमारत, ट्राम, खाण आणि वसाहत यांचा मालक एकच होता आणि एका उद्योगातला नफाच दुसऱ्या उद्योगात गुंतवला जात होता.

इमारतीच्या भाडेकरूंत सर्वांत महत्त्वाची ठरली ती ट्रस्ट कंपनी ऑफ जॉर्जिया ही बँक. १८९१ मध्ये वेगळ्या नावाने स्थापन झालेल्या आणि दोन वर्षांनी हे नाव घेतलेल्या या संस्थेचे अध्यक्षपद १८९५ ते १९०४ या काळात हर्टकडेच होते. त्यानंतर ते त्याचा मेहुणा अर्नेस्ट वुड्रफ याच्याकडे आले. वुड्रफ हा अत्यंत काटकसरी, पण सौद्याच्या बाबतीत अचाट धाडसाचा माणूस. त्याच्या पुढाकाराने १९१९ मध्ये गुंतवणूकदारांच्या एका गटाने कोकाकोला कंपनी कँडलर कुटुंबाकडून अडीच कोटी डॉलरना विकत घेतली, आणि त्या काळी दक्षिणेत एवढा मोठा व्यवहार झालेला नव्हता. खरेदीसाठी काढलेल्या कर्जाला तारण म्हणून त्या पेयाची गुप्त कृती प्रथमच कागदावर उतरवून न्यूयॉर्कच्या बँकेत ठेवण्यात आली, आणि कर्ज फिटल्यावर १९२५ मध्ये तो कागद अटलांटात ट्रस्ट कंपनीच्या तिजोरीत आला. ग्रेडीने चाळीस वर्षांपूर्वी उत्तरेच्या भांडवलाला साद घातली होती. आता दक्षिणेतली एक बँक स्वतःच देशव्यापी उद्योगाची सूत्रे हलवू लागली होती. इमारतीलाही मूळ नावाऐवजी याच बँकेचे नाव मिळाले.

उंचीचा मान मात्र इक्विटेबलकडे फार काळ राहिला नाही. १८९७ मध्ये पीचट्री आणि ब्रॉड या रस्त्यांच्या बेचक्यात इंग्लिश-अमेरिकन बिल्डिंग ही अकरा मजली, त्रिकोणी इमारत उभी राहिली. फ्लॅटायर्न या नावाने ओळखली जाणारी ही इमारत न्यूयॉर्कच्या त्याच नावाच्या प्रसिद्ध इमारतीपेक्षा पाच वर्षांनी जुनी आहे. तिचा वास्तुविशारद ब्रॅडफर्ड गिल्बर्ट याने १८८९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये पोलादी सांगाड्याची टॉवर बिल्डिंग बांधून नाव मिळवले होते आणि १८९५ मध्ये अटलांटात भरलेल्या कापूस उत्पादक राज्यांच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनाच्या वास्तूंचे कामही त्याने पाहिले होते. १९०६ मध्ये कोकाकोलाचा तत्कालीन मालक एसा कँडलर याने सतरा मजली, संगमरवरी कँडलर बिल्डिंग उभारली, आणि १९१३ मध्ये खुद्द हर्टने एजवूड ॲव्हेन्यूवरच, इक्विटेबलच्या जवळ, हर्ट बिल्डिंग बांधली. एकवीस वर्षांत त्याच माणसाने त्याच रस्त्यावर आपल्या पहिल्या इमारतीच्या दुपटीहून उंच मजल गाठावी, यातून शहराचा वेग कळतो.

हाच वेग पुढे इक्विटेबलच्या मुळावर आला. दुसऱ्या महायुद्धानंतर वातानुकूलन, विजेचा प्रखर प्रकाश आणि आतून मोकळे, सलग मजले असलेल्या काचेच्या इमारती हे कचेऱ्यांचे नवे रूप ठरले. उजेडासाठी मोठ्या खिडक्या आणि त्यांमागे लहान लहान खोल्या असलेली १८९२ ची रचना बँकेला अडगळीची वाटू लागली. १९६८ मध्ये पीचट्री स्ट्रीटवर इक्विटेबल याच नावाची, तीस मजल्यांहून उंच अशी दुसरीच इमारत उभी राहिली. बँकेने आपल्या जुन्या जागेच्या परिसरात नवा मनोरा बांधला आणि १९७१ मध्ये बर्नहॅम आणि रूट यांची इमारत पाडण्यात आली. त्या काळी अटलांटात वारसा वास्तूंना संरक्षण देणारी परिणामकारक व्यवस्था नव्हती. पुढच्याच वर्षी १९०५ चे टर्मिनल स्टेशनही जमीनदोस्त झाले. बर्नहॅमबरोबरच्या भागीदारीतून देशभर उभ्या राहिलेल्या रूटच्या इमारतींपैकी कित्येक याआधीच गेल्या होत्या, आणि त्याच्या स्वतःच्या राज्यातली ही इमारत गेल्याने झालेले नुकसान सर्वांत मोठे मानावे लागते. पाडकामाला उघड विरोध करणारी नागरिकांची मोठी चळवळ अटलांटात उभी राहिली ती त्यानंतर तीन-चार वर्षांनी, १९२९ च्या फॉक्स थिएटरवर संकट आले तेव्हा. ते नाट्यगृह वाचले. फ्लॅटायर्न इमारतीची १९७६ मध्ये ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय सूचीत नोंद झाली, कँडलर बिल्डिंगमध्ये आता हॉटेल आहे आणि हर्ट बिल्डिंग आजही कचेऱ्यांसाठी वापरली जाते.

इक्विटेबलच्या प्रवेशभागातील काही दगडी खांब पाडकामाच्या वेळी जपून ठेवण्यात आले आणि ते शहराच्या मध्यभागी उघड्यावर उभे केलेले आहेत. मात्र खिडक्यांची मांडणी, मजल्यांची रचना किंवा प्रकाशाची योजना यांविषयी ते काहीच सांगू शकत नाहीत. रूटने उंच इमारतीचा विचार कसा केला होता हे प्रत्यक्ष पाहायचे असेल, तर शिकागोला जाऊन रूकरी आणि मोनॅडनॉक या अद्याप वापरात असलेल्या इमारतींतून फिरावे लागते.